संत्र्याचा ताण

अकोल्यातल्या सूर्यभानजींच्या घरामागच्या अंगणात मोगऱ्याच्या कुंड्या होत्या, जास्वंद होती, ओट्यावर मनीप्लांट होता. मधोमध होतं त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, वरूडच्या माहेराहून आणलेलं संत्र्याचं झाड. सात वर्षांत त्याला एकही फूल आलं नव्हतं.

सूर्यभानजी कृषी विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. नियमाचे इतके पक्के, की घरातलं घड्याळ बाबांना विचारून चालतं, असं सून हर्षा म्हणायची.

"बाबा, यंदाबी फूल नाई आलं तं झाड काढून टाकू. गाडी उभी करायले जागा नाई," तिनं दिवाळीतच सांगून टाकलं होतं.

बायकोची तेवढीच एक खूण उरली होती. ती जाऊ द्यायची नव्हती, म्हणून त्यांनी ताण द्यायचं ठरवलं. थंडीत दीड महिना झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडायचं. तहानलेलं झाड फुलावर येतं. वरूडचे बागाईतदार हेच करतात. पार्वताबाईंनी मात्र घरी ते कधी करू दिलं नव्हतं. "तहानलेल्याले पाणी नाई म्हनाचं? मले नाई पाह्यवत," म्हणायच्या.

गेल्या भादव्यात, पार्वताबाईंच्या ऑपरेशनच्या सकाळी, दवाखान्यात त्यांनी तीनदा पाणी मागितलं होतं. डॉक्टरांनी मनाई केली होती. सूर्यभानजींनी तीनदा नाही म्हटलं. नंतर परवानगी मिळाली तेव्हा ते चमचा घेऊन गेले, तर पार्वताबाईंनी मान फिरवली.

"आता नको."

त्याच संध्याकाळी त्या गेल्या.

माघ लागला तसा सूर्यभानजींनी ताण सोडला. आळं उकरून दोन बादल्या ओतल्या. काळी माती भेगाळलेली. तिनं पाणी गिळायला हवं होतं. पाणी उभंच राहिलं. त्यांनी आळ्याच्या विटेवर खडूनं रेघ मारली. दुसऱ्या सकाळी पाणी त्याच रेघेला होतं. खाली खडक असेल, त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण सात वर्षं तो खडक कुठे गेला होता?

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी घातलेल्या मोगऱ्याच्या कुंडीतही ते तसंच उभं होतं.

"काहून असे उभे बाबा?" हर्षा बाहेर आली.

"पानी मुरून नाई राहिलं."

तिनं आळ्यातलं पाणी उपसलं आणि स्वतः बादली ओतली. पाणी बुडबुडे काढत खाली गेलं.

"हे पाहा, पिऊन राहिलं की!"

मग रोज हर्षाच पाणी घालू लागली. तीन आठवड्यांत झाड पांढऱ्या फुलांनी लदबदलं. सगळ्या गल्लीत वास सुटला.

"आता कोन तोडते याले!" हर्षा हसली. गाडी रस्त्यावरच राहिली.

झाड वाचलं होतं. सूर्यभानजींना फार बरं वाटलं. डोळे भरून येतील असंही वाटलं. ते भरून आले नाहीत.

हर्षा आत गेल्यावर त्यांनी एक तांब्या आणला. "घे, पे," ते हलकेच म्हणाले आणि आळ्यात ओतला.

पाणी उभं राहिलं.

त्यांनी त्यात बोट बुडवलं, तळाच्या मातीला लावलं, वर काढलं.

बोटाला कोरडी धूळ होती.

"बाबा, उन्हात नका बसू. ओठ पाहा कसे फुटले तुमचे," हर्षानं दारातून हाक मारली आणि पाण्याचा ग्लास हातात दिला.

ते घटाघटा प्यायले. गळ्याची घाटी खालीवर होत राहिली. बराच वेळ.

"अजून देऊ?"

त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि ग्लास ओट्यावर ठेवला.

हर्षानं तो उचलला, तेव्हा तिच्या हातावर पाणी सांडलं. ग्लास काठोकाठ भरलेला होता.