वहिनीचा तो दिवस

टीव्हीवर धनराजने डोक्यावर पदर ओढला, आणि तो काही बोलण्याआधीच कमळाच्या ओसरीत जमलेला मोहल्ला हसू लागला.

मुंबईच्या त्या झगमगत्या मंचावर तिचा धाकटा दीर तिच्याच चालीने चालत होता, तिच्यासारखाच कमरेवर हात ठेवत होता, तिच्याच बोलीत लांबवून ‘काऊन जी’ म्हणत होता. ‘वहिनी’ हे त्याचं पात्र आता घराघरात पोहोचलं होतं. कमळाही दर आठवड्याला पदराआड हसायची. आपल्या बोलण्यावर चार माणसं हसतात आणि त्या हसण्यावर आपलं लेकरू मोठं होतं, यात वाईट ते काय वाटून घ्यायचं!

त्या संध्याकाळी मात्र धनराजने नवा किस्सा काढला. लहानपणी तो तापाने फणफणला होता, वहिनी त्याला तालुक्याला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. पोराला इंजेक्शन देऊन झालं आणि डॉक्टरने वहिनीलाच विचारलं, “दिवस कधी गेले?” वहिनीने खिडकीबाहेर पाहिलं. “दिवस तं केव्हाचाच गेला, सायेब. आता अंधार पडून राह्यला.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची बायनाबाई हसून हसून डोळे पुसू लागली. कमळाच्या मांडीवर तांदूळ निवडायचं सूप होतं. तिचे हात त्यातच थांबले... तिचा नवरा लटारू खाटेवरून उठला आणि त्याने टीव्ही बंद केला.

“चालू करा जी,” कमळा खालच्या आवाजात नवऱ्याला म्हणाली. “लोकं पाहून राह्यले.”

सासू गेली तेव्हा धनराज अजून वहिनीच्या कुशीत झोपण्याच्या वयाचा होता. कमळा लग्न होऊन नुकतीच चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळच्या या गावात आली होती. आईविना पोराला तिने न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोहोचवलं. पुढे तिलाही दिवस राहिले, पण धनराजच्या वाट्याचं प्रेम तिने कणभरही कमी होऊ दिलं नाही.

त्या वर्षी भाताच्या रोवणीच्या दिवसांत लटारू नागभीडकडे कामाला गेला होता, आणि इकडे धनराजला हिवताप चढला. चिखलामुळे गावात बस येत नव्हती. पाचवा महिना चालू असलेल्या कमळाने तापाने बरळणाऱ्या त्या पोराला पाठीवर घेतलं आणि बांधाबांधाने, गुडघाभर चिखलातून डांबरी रस्ता गाठला. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत तिच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. तिचा उतरलेला चेहरा पाहूनच डॉक्टरने तो प्रश्न विचारला होता. वेदनेने तिचे कान बंद झाले होते, डोळ्यांपुढे खरोखरच अंधार येत होता... डॉक्टर हसला, नर्स हसली, आणि औषधाने जरा शुद्धीवर आलेला धनराजही हसला. मग कमळा खाली कोसळली.

पोराचा ताप उतरला. कमळाचं बाळ गेलं.

वहिनीलाही हिवताप झाला होता, एवढंच धनराजला सांगण्यात आलं. कमळाने लटारूला शपथ घातली होती. आईविना पोर आहे, आपल्यापायी वहिनीचं बाळ गेलं हे ओझं घेऊन ते वाढायला नको, असं ती म्हणाली होती. पुढे कित्येक वर्षांनी लेक उर्वशी झाली, तेव्हा धनराज कॉलेजात होता.

आणि पोरगा वाढलाही कसा! दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर नाटकं होतात, तिथे नाटक सुरू होण्याआधी माईकवरून पुकारा करता करता त्याची जीभ खुलली. मग चंद्रपूरला रेडिओवर निवेदक झाला, मग नागपूरच्या एफएमवर सकाळचा कार्यक्रम मिळाला. रिक्षावाल्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळे त्याच्या आवाजाने दिवस सुरू करत. तिथेच त्याने पहिल्यांदा ‘वहिनी’चा आवाज काढला आणि त्या आवाजानेच त्याला मुंबईला नेलं.

डॉक्टरचा किस्सा इतका गाजला की काही दिवसांनी धनराजचा फोन आला. यंदाच्या मंडईला तो येणार होता, कॅमेरेवाले सोबत असणार होते, आणि खऱ्या वहिनीने मंचावर यावं अशी त्याच्या टीव्हीवाल्यांची इच्छा होती. तिथे तोच किस्सा दोघांनी मिळून सांगायचा होता. लटारू संतापला, आता मीच सांगतो त्याला, म्हणाला. कमळाने त्याला जुन्या शपथेची आठवण करून दिली. समजलं तर त्या पोराच्या तोंडचं हसूच जाईल, आणि हसवणं हाच तर त्याचा धंदा... एवढ्या वर्षांत जे गिळलं, ते आणखी एकदा गिळता येणार नाही का?

मंडईच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून मंचावर चढली. समोर पाच गावांची माणसं होती. धनराजने वाकून तिच्या पाया पडून टाळ्या घेतल्या, मग तिच्यापुढे माईक धरला.

“वहिनी, सांग बरं यायले, डॉक्टरनं तुले काय पुसलं होतं?”

“दिवस कधी गेले,” कमळा म्हणाली.

लोक आधीच हसू लागले. पण धनराज हसला नाही. आयुष्यभर आवाजांवर जगलेला तो माणूस. आवाजात कुठे काय हललं हे त्याच्या कानाला लगेच कळत असे. हेच शब्द त्याने शेकडो वेळा स्वतःच्या तोंडून उच्चारले होते, लोकांना हसवलं होतं. आज पहिल्यांदा ते तिच्या तोंडून आले, आणि त्यांच्या तळाशी काहीतरी फाटलेलं त्याला ऐकू आलं. डॉक्टरने तसं का विचारलं असेल, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता! डॉक्टर गोंधळला असेल, असंच तो धरून चालला होता.

त्याने माईक बंद केला. “वहिनी... तवा तुले खरंच दिवस होते?”

कमळाने त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हणायला तिचे ओठ हललेही, पण शब्द फुटेना. तेवढ्यानेच धनराजला सगळं कळलं. लोकांची कुजबुज सुरू झाली, कॅमेरेवाले हातवारे करू लागले, पण एक क्षणही रिकामा जाऊ न देणारा तो निवेदक मुका उभा होता. शेवटी तिनेच त्याच्या हातातून माईक घेतला, चाचपडत चालू केला. प्रवासानं पोराचा गळा बसला, थोडा दम घेऊ द्या, असं लोकांना सांगून तिने त्याचा हात धरला आणि त्याला खाली उतरवलं.

घरी आल्यावर लटारूने शपथ मोडली. चिखलाची ती वाट, त्या कळा, सगळं सांगितलं. धनराज ऐकता ऐकता वहिनीच्या पायाशी बसला आणि हुंदके देऊ लागला. हे सगळं सोडून देतो, पुन्हा माईकला हात लावणार नाही, असं तो सांगत राहिला.

कमळाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“तसं नोको करू, बापू. हासव लोकायले. माया बोलणं घे, माया चालणं घे, मले काई वाटत नाई. तेवढा एक दिवस मले वापस दे. तो माया हाये.”

बऱ्याच वेळाने त्याने भीत भीत विचारलं, “पोरगा होता का पोरगी?”

लटारू बैलांना वैरण टाकायला बाहेर गेला होता. पोरगी होती, असं कमळाने सांगितलं. रेडिओवर फर्माईश करणाऱ्यांच्या यादीत तिने एकदा खुशबू हे नाव ऐकलं होतं, ते तिने त्या लेकरासाठी मनात ठेवलं होतं. ते ती आज पहिल्यांदा धनराजजवळ बोलली; आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

त्या मंडईचं चित्रीकरण धनराजने दाखवू दिलं नाही, आणि तो किस्साही पुन्हा केला नाही. टीव्हीवाल्यांना ते रुचलं नाही. वाद वाढला, आणि कार्यक्रमाच्या पुढच्या हंगामात त्याच्या जागी दुसरा कलाकार आला. धनराज नागपूरला, आपल्या जुन्या सकाळच्या कार्यक्रमात परतला. कमळाला याची फार रुखरुख लागली. पण फोनवर त्याचा आवाज मोकळा वाटे, म्हणून तिने तो विषय काढला नाही.

फाल्गुनातल्या एका सकाळी नवराबायको अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसले होते. उर्वशीने दिलेल्या मोबाईलवर धनराजचा कार्यक्रम चालू होता. गाण्याआधी तो फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचत होता... वर्ध्याहून कोणी, भंडाऱ्याहून कोणी, “आणि मूलजवळच्या आमच्या गावाहून, खुशबू.” नाव त्याने इतरांसारखंच घेतलं, फक्त किंचित सावकाश. मग गाणं लागलं.

कमळाचे हात थांबले होते. लटारू मात्र निवडतच होता.

“आपल्या गावात खुशबू कोन हाये वो?” त्याने सहज विचारलं.

कमळाने पदराने डोळे टिपले, सूप बाजूला ठेवलं आणि ती नवऱ्याजवळ सरकून बसली.

“आपली पोरगी,” ती म्हणाली.