पात्याचा वाटा

माझी चित्रं पोस्टकार्डाएवढी असतात. काळ्या शाईचं पेन, सहा रंगांची डबी, एक ब्रश आणि पंधरा मिनिटं. सोळावं लागलं की मी हात उचलते, मग समोरच्याचं नाक राहिलं तरी बेहत्तर! डोंगर, सूर्य, झोपडी असलं मी काढत नाही. बसची वाट बघत जांभई देणारी बाई काढते, दोरीवरची ओली पॅंट काढते. आणि सगळ्यात लाडकी गोष्ट मुद्दाम कडेला ठेवते. मधोमध काय, कोणीही काढतं.

हे आधीच सांगून टाकते. पुढे माझा पारा चढणार आहे, मग धड सांगता यायचं नाही.

चित्रकलेच्या बाईंनी माझी दहा कार्डं शाळेच्या हॉलसाठी निवडली. वरच्या वर्गांना डावलून माझी! बाबांनी ती त्यांच्या ओळखीच्या फ्रेमवाल्या काकांकडे दिली. काकांचं दुकान एका जिन्याखाली आहे. आत डिंकाचा आंबूस वास, चपलेत शिरणारा भुसा, भिंतीला टेकवलेल्या काचा आणि टेबलावर लांब दांड्याचं कटर. दांडा खाली आला की खच्च.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बघायला गेले. चार फ्रेम तयार होत्या. पहिली हातात घेतली आणि डोकं सणकलं.

"काका, माझी पोस्टाची पेटी कुठाय?"

"कसली पेटी?"

"कोपऱ्यावरची! लाल! ह्या कडेला होती. कापलीत तुम्ही?"

"फ्रेम तयार मापाच्या येतात, चित्रकार बाई. तुझं कार्ड बोटभर मोठं. कडेची पट्टी उडवली, झालं. कडेला काय असतं?"

"कडेलाच तर सगळं असतं!"

काका हसले. "बापावर गेलीयेस. त्याच्याही नाकावरच राग."

मी बजावलं, बाकीच्यांना हात लावू नका, मी मोठ्या फ्रेम शोधून आणते. "बरं बरं," ते म्हणाले. हट्टी पोराला म्हणतात ना, तसं. उरलेली सहा तेव्हाच उचलून आणायला हवी होती. पण मी तरातरा निघाले. बाकीच्या तीन फ्रेम तर रागाच्या भरात बघितल्याच नाहीत.

वाटेत कोपरा लागला. पेटी नव्हती.

उखडल्याची खूण नव्हती. पेटीखाली गंजाचा डाग होता, मी तो तपकिरी रंगात पाणी घालून काढला होता. तोही नव्हता. तिथे चपला शिवणारे काका बसतात, रोज त्या पेटीला पाठ टेकून. त्यांना विचारलं.

"इथे? पेटी?" त्यांनी एका टाचेतला खिळा उपसला. "वीस वर्षं बसतोय इथे. पाठीला टेकू असता तर कंबर गेली असती का माझी?"

मी म्हटलं, म्हातारे झाले. घरी जाऊन पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी शाळेचा स्कर्ट आणायला टेलरकाकांकडे गेले. त्यांच्या दुकानात दाराशी काज-बटणवाल्या मावशी बसतात, टेलरकाकांची बहीण. सुई तोंडात धरून बोलतात, म्हणून आम्ही पोरं त्यांना घाबरतो. त्या दिवशी टेलरकाका स्वतःच काज करत होते, आणि काय वेडंवाकडं!

"मावशी कुठायत?"

"कोण मावशी?"

"तुमची बहीण! दाराशी बसतात त्या!"

"मला कुठली बहीण?" ते हसले. "असती तर हे काज माझ्या गळ्यात पडलं असतं का, पोरी?"

दाराशी स्टूल नव्हतं. जमिनीवर दोऱ्याचा एक तुकडा नव्हता. माझ्या एका कार्डात हे दुकान आहे. मावशी डाव्या कडेला.

मग मला दहावं कार्ड आठवलं.

आमचं स्वयंपाकघर. मधोमध आई, एका हातात कंगवा, दुसरा हात चिमटीच्या डोक्यावर. चिमटी माझी बहीण, वय वर्षं सहा. येता-जाता चिमटे काढते, म्हणून चिमटी. ती उजव्या कडेला. मीच ठेवलेली. लाडकी, म्हणून.

स्कर्ट तिथेच टाकून मी फ्रेमच्या दुकानाकडे पळाले.

दांडा वर होता.

"काका, थांबा!"

खच्च.

"हे शेवटचं," काका म्हणाले. "झाली बघ तुझी दहाच्या दहा."

एका तुकड्यावर आई, हात हवेत. पट्टीवर चिमटी. मी दोन्ही ओढून घेतले.

"सांगितलं होतं ना हात लावू नका! विचारलंत का मला? एकदा तरी?" मी इतकी ओरडले की भिंतीला टेकवलेल्या काचा थरथरल्या. "बाकीच्या पट्ट्या कुठायत?"

"सकाळीच कचऱ्याची गाडी येऊन गेली."

मावशी त्या गाडीत गेल्या होत्या. आणि काका हात पुसत होते.

"चिकटव हवी तर," ते म्हणाले. "पण आधीसारखी नाही बसायची. पातं आपला वाटा घेतंच."

घरी दाराशी छोटे बूट नव्हते. दाराच्या चौकटीवर उंचीच्या रेघा होत्या, फक्त माझ्या.

"आई, चिमटी कुठाय?"

"कोण गं?" आईने विचारलं. इतक्या मायेने विचारलं की मला तिचाही राग आला.

मी खोलीचं दार लावलं. डिंक लावला. तुकड्याला तुकडा भिडवला, वर शब्दकोश ठेवला आणि त्यावर दोन्ही हातांनी रेलून बसले. घड्याळात बघत होते. बारा मिनिटं. तेरा. चौदा.

दंडाला सणसणीत चिमटा बसला.

"ताई, तू पुस्तकावर का रेललीयेस? वेडी!"

मी तिला आधी एक धपाटा घातला आणि मग घट्ट धरून ठेवलं. ती ओरडेपर्यंत.

चित्रं मी हॉलमध्ये लावू दिली नाहीत. बाई रागावल्या. रागावू देत! काज-बटणवाल्या मावशींचं चित्र मी आठवून आठवून अकरा वेळा काढलंय. दाराशी अजून स्टूल नाही.

दहावं कार्ड माझ्या दप्तरात असतं. उजेडाला धरलं की जोडातून बारीक पांढरी रेघ दिसते. किती दाबलं, तरी जात नाही.

आज सकाळी आई चिमटीचे केस विंचरत होती. मी दूध पीत होते.

"आई, नीट विंचर ना!" चिमटी कुरकुरली.

"विंचरतेय की, राणी."

कंगवा वरून खाली जात होता, पुन्हा वरून खाली. गुंता तसाच होता. एक केससुद्धा हलत नव्हता.

चिमटी वैतागली. तिने आईच्या मनगटाला चिमटा काढला, मग दुसरा, मग दात-ओठ खाऊन तिसरा. आई गुणगुणत होती.

मी ग्लास खाली ठेवला. दप्तरातून एक कोरं कार्ड काढलं. आईचा हात चिमटीच्या डोक्यावर होता, अगदी टेकलेला. मी त्या हाताखाली कार्डाची कड धरली आणि हळूच सरकवलं.

ते दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. कुठेच अडलं नाही.