दुखतंय का?

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे आमच्याच घरात घडलंय. मलेशियात पिनांगला, आयर इतममध्ये, माझ्या भावाच्या नूडल्सच्या दुकानामागच्या खोलीत. आई जाऊन सातवा दिवस होता...

आईला हाडांचा कॅन्सर. हॉस्पिटलनं कसल्याशा अभ्यासासाठी तिच्या मनगटावर घड्याळ बांधलं होतं. दिवसातून चारपाच वेळा ते थरथरायचं आणि विचारायचं, दुखतंय का? किती? आईनं बटण दाबायचं. त्यावरून औषध ठरायचं.

पण बटण दाबायचा माझा दादा, बून कियात.

दुखत नाही. दर वेळी हेच.

दुखतंय म्हटलं की हॉस्पिटलवाले आईला घेऊन या म्हणणार, म्हणजे दुकान बंद. मी इपोहून रविवारी यायची आणि भांडायची. तो म्हणायचा, "तुला काय जातंय बोलायला? दुकान तू चालवतेस का?" आई उशीत तोंड खुपसून पडलेली असायची. औषध वाढलंच नाही. कण्हत कण्हत गेली बिचारी.

गेल्यावर मात्र याचं प्रेम उतू गेलं. आमच्या चिनी लोकांत मेलेल्या माणसासाठी कागदाच्या वस्तू करून जाळतात, म्हणजे त्या तिकडे पोचतात. यानं कागदाचं घर आणलं, गाडी आणली आणि वर हुबेहूब तसंच कागदाचं घड्याळ. तिला सवय होती म्हणे!

भर दुपारी जाळलं. राख अजून गरम होती...

फोन वाजला.

अभ्यासाच्या नर्सबाई, नोराझलिन. चाचरत बोलत होत्या. आईचं घड्याळ त्यांच्याच कपाटात होतं, बंद. तरी आईच्या नावावर आत्ताच उत्तर आलं होतं.

दुखतंय. सगळ्यात जास्त.

मग ते रोज येत राहिलं. त्याआधी खोलीत थरथर ऐकू यायची... रिकाम्या पलंगावरून.

मशीन बिघडलंय, असं दादा म्हणायचा, पण त्याच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी त्यानं कागदी औषधांची पेटी आणून जाळली. पलंगापुढे डोकं टेकून रडला, माफ कर म्हणाला.

दुसऱ्या सकाळी नर्सबाईंचा फोन आला. उत्तर बदललं होतं.

दुखत नाही.

"सुटली," दादा म्हणाला. खोटं कशाला बोलू, माझाही जीव भांड्यात पडला.

पण बाईंनी फोन ठेवला नव्हता...

"ताई, शेवटी घड्याळ अजून एक विचारतं. बटण कुणी दाबलं? याआधी कायम 'मी स्वतः' असंच यायचं."

"आणि आता?"

"नवऱ्यानं."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. हयातभर त्यांनी तिला दुखतंय असं म्हणू दिलं नव्हतं.

आता रोज तेच उत्तर येतं. दादा म्हणतो, 'दुखत नाही' असं आलंय ना, मग नाही दुखत. दुकान जोरात चालू आहे.

पण त्या पलंगावरून कण्हणं येतं... मी माझ्या कानांनी ऐकलंय.