चारशे चोपन्न अंश

शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत सात मिनिटं पडद्यावर काहीही घडत नव्हतं, आणि नेमकं तेच पाहायला परिवहन विभागाचे अधिकारी विद्याधर बेहेरे मुंबईहून आले होते.

जाड काचेपलीकडे ब्रेकची एक चकती फिरत होती. दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळून धरत होते. समोरच्या पंख्याचा झोत तिच्यावर अखंड चालू होता, कारण धावत्या गाडीच्या चाकाला तेवढा वारा लागतोच. पडद्यावरची तापमानाची रेघ चढत चढत ४५४ अंशांपर्यंत गेली होती आणि तिथे आडवी झाली होती.

"यंत्र अडकलं का?" बेहेऱ्यांनी विचारलं.

"नाही. चकती आतून वितळतेय," डॉ. नीरजा शेडबाळे म्हणाली.

बेहेरे नकळत एक पाऊल मागे सरकले. चाचणी विभागाचे बाबालाल मुजावर गालातल्या गालात हसले. तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक उघडण्यात घालवलेला हा माणूस पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा असाच मागे सरकला होता.

"शाळेत बर्फाचा प्रयोग केला असेल तुम्ही," नीरजा म्हणाली. "बर्फ पूर्ण वितळेपर्यंत भांड्यातलं तापमान शून्यावरच राहतं. दिलेली उष्णता वितळवण्यात खर्ची पडते."

"अप्रकट उष्मा."

"तोच. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं साधन. लांब उतारावर ही उष्णता साचते, चकती सहाशे-सातशे अंशांवर जाते आणि पॅडची पकड सुटते. या चकतीच्या पोटात बंद कप्पे आहेत. त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि जस्त यांचा मिश्रधातू भरलाय. तो चारशे चोपन्न अंशांना वितळतो. सगळा वितळेपर्यंत चकती त्याच्या वर जात नाही, आणि पॅडची पकड जशीच्या तशी राहते."

"आणि सगळा वितळल्यावर?"

"मग रेघ पुन्हा चढेल. पण तेवढा लांब घाट आपल्याकडे नाही."

"आत गेलेली उष्णता कुठं जाते?"

"परत येते. धातू गोठताना घेतली तेवढी सगळी देतो. वाऱ्यावर निघून जाते." तिने पंख्याकडे बोट दाखवलं.

बेहेऱ्यांना हवं ते मिळालं. २०४१ साली नव्या डिझेल गाड्या विकल्या जात नव्हत्या, पण जुन्या सात आसनी गाड्या घराघरांत होत्या आणि त्या मोडीत काढायला लोक तयार नव्हते. विजेच्या गाड्या घाट उतरताना मोटरच्याच जोरावर वेग आवरतात आणि ताशी चाळीसच्या लयीत एकामागून एक चालतात. त्यांच्यामध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी डिझेल गाडी सगळी रांग तुंबवायची. म्हणून नियम झाला होता, की घाटात ताशी चाळीसच्या खाली येऊ नये. जुन्या ब्रेकना ते झेपणारं नव्हतं. नव्या चकतीला झेपत होतं.

बाबालालनी घाटांत एकशे दहा चाचण्या घेतल्या. नीरजाने लिहून दिलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक वेळी घाट उतरल्यावर ते दहा किलोमीटर सलग गाडी चालवत राहायचे, चकती वाऱ्यावर गार व्हावी म्हणून. एकदाही पकड कमी झाली नाही. मंजुरी आली, आणि नोव्हेंबरपर्यंत दोन हजार एकशे चाळीस गाड्यांना अप्रकट चकत्या बसल्या.

त्यांतली एक गाडी नीरजाच्या वडिलांची होती. अण्णांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती, तीही बहुतेक कोकणात उतरणाऱ्या मार्गांवर. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली ती डिझेल गाडी आता सतरा वर्षांची झाली होती. चकत्या बसवल्यावर त्यांनी पंचगंगेच्या पुलापर्यंत एक फेरी मारली आणि अंगणात गाडी लावून काही वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले.

"कसा आहे ब्रेक?" नीरजाने विचारलं.

"चांगलाय. पण दुसऱ्या गिअरला गाडी घाट उतरते हे मला ठाऊक आहे. नुसत्या ब्रेकवर उतरायचं म्हणजे पाय धजत नाही गं."

"अण्णा, दुसऱ्यात चाळीसचा वेग राहणार नाही. आणि मला नोंदी पण हव्यात. ब्रेकवरच उतरा."

"तू म्हणतीयेस तर उतरतो," अण्णा म्हणाले.

डिसेंबरातल्या एका शनिवारी अण्णा, आई, स्मितावहिनी आणि तिच्या दोन मुली मालवणला निघाले. प्रयोगशाळेत थेट नोंदी पाठवणारे गाडीवरचे तापमापक नीरजाने काढले नव्हते. सुट्टी असूनही ती प्रयोगशाळेत येऊन बसली, आणि बाबालालही आले. पावणेअकराला गाडी गगनबावड्याहून करूळ घाटात शिरली. चकतीची रेघ चढली, चारशे चोपन्नला आडवी झाली, आणि शेवटच्या वळणापर्यंत आडवीच राहिली.

"उतरले," नीरजा म्हणाली. खुर्चीत मागे रेलून तिने चष्मा काढला.

बाबालाल पडद्यापासून हलले नव्हते. "मॅडम, गाडी थांबलीय."

"चहाला थांबले असतील. अण्णा प्रत्येक घाटाखाली थांबतात. ब्रेकला विश्रांती."

"ते बरोबरच आहे की. पण मग ही खालची रेघ का चढायलीय?"

खालची रेघ ब्रेक ऑइलची होती. चाकापाशी त्याचं तापमान घाटात शंभराच्या आसपास होतं. आता ते एकशे चाळीस झालं होतं. नीरजाने चष्मा लावला तेव्हा एकशे अठ्ठावन्न. चकतीची रेघ चारशे चोपन्नवर तशीच होती.

साधी चकती थांबल्या क्षणापासून गार होऊ लागते, पहिल्या पाच मिनिटांत निम्मी. ही चकती होणार नव्हती. आतला धातू गोठेपर्यंत ती त्याच तापमानाला राहणार होती, आणि वारा नसल्यामुळे गोठायला फार वेळ लागणार होता. तेवढा वेळ ती निखाऱ्यासारखी पॅडला आणि पॅडमागच्या ऑइलला भाजत बसणार होती. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडलवर दिलेला जोर मग चाकापर्यंत पोहोचतच नाही.

"आपण पंखा कधी बंद केलाय?" नीरजाने विचारलं.

बाबालालनी मान हलवली. "कधीच नाही. घाटात पण मी कधी थांबलो नाही. तुम्हीच लिहिलं होतं, सलग चालवा म्हणून."

तिने वहिनीला फोन लावला. "वहिनी, अण्णांना दे. लगेच."

"हां निरू. छान उतरली बघ गाडी," अण्णा म्हणाले.

"अण्णा, गाडी सुरू करू नका. नुसतं पेडल दाबून बघा."

दार उघडल्याचा आवाज आला.

"तळाला गेलं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "हवेत पाय मारल्यागत."

"सगळ्यांना खाली उतरवा."

"खालीच आहेत सगळे. चाकाला दगड लावलाय मी."

"पाऊण तास तरी हलवू नका. पेडल आपोआप परत येईल. मी फोन करते."

तिने बेहेऱ्यांना गाठलं आणि दोन मिनिटांत सगळं सांगितलं. बेहेऱ्यांनी घाट नियंत्रण कक्षाचा नकाशा उघडला. त्या घडीला चकती बसवलेल्या एकशे नव्वद गाड्या राज्यातल्या निरनिराळ्या घाटांत होत्या.

"पण बाई, प्रत्येक घाटाच्या पायथ्याशी आमचीच पाटी आहे. थांबा, ब्रेक गार होऊ द्या."

"म्हणूनच लगेच कळवायला हवं. लिहून घ्या: अप्रकट चकतीच्या गाड्यांनी घाट उतरल्यावर थांबू नये, दहा किलोमीटर सलग चालत राहावं."

अकरा वाजून आठ मिनिटांनी तो संदेश सगळ्या नोंदणीकृत चालकांच्या फोनवर गेला. नीरजाने पुन्हा अण्णांना फोन लावला.

"तुझा निरोप आला बघ," अण्णा म्हणाले. "इथं टपरीवर आमच्याआधी येऊन वीस मिनिटं बसलेल्या आणखी तिघांचे फोन वाजले. त्यांच्या गाड्यांतपण तीच चकती आहे होय? बाहेरून काय कळतंय! उठले बघ सगळे. चहा टाकून निघाले."

नीरजाने आपलाच संदेश मनात पुन्हा वाचला. थांबू नका, चालत राहा. उतारावर धावणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ एक होता. वीस मिनिटं थांबलेल्या माणसाला त्याचा अर्थ एवढाच होता, की ताबडतोब निघा.

"अण्णा, अडवा त्यांना! त्यांचेही ब्रेक गेलेत!"

फोन कुठेतरी पडला. अण्णांचा आवाज दूर गेला. "ओ! थांबा! गाडी सोडू नका!" एक इंजिन बंद झालं. दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजला, कुणीतरी ओरडलं, मग तेही इंजिन बंद झालं. तिसरं इंजिन लांब जात राहिलं. त्या टपरीपासून रस्ता ओढ्यावरच्या पुलाकडे उतरत जातो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग जे ऐकू आलं ते पुलाच्या कठड्याचं होतं.

अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी दुसरा संदेश गेला. तो बाबालालनी सांगितला, नीरजाने लिहिला: "चालत असाल तर थांबू नका. थांबला असाल तर निघू नका." मधल्या अकरा मिनिटांत राज्यभर सात थांबलेल्या गाड्या निघाल्या होत्या. सहा जणांना सपाट रस्ता मिळाला आणि गिअर हाताशी होता. सातवी करूळची.

ती अभिनंदन मगदूम नावाच्या इचलकरंजीच्या शिक्षकाची होती. सोबत त्याची आई होती. ती जागीच गेली.

दुसऱ्या दिवशी कणकवलीच्या रुग्णालयात जाण्याआधी नीरजा पोलीस ठाण्यात गेली. पंचनामा झाला होता. अपघातानंतर दोन तासांनी निरीक्षकांनी गाडीचा ब्रेक तपासला होता. पेडल घट्ट, पकड उत्तम, ऑइल पातळीइतकं, गळती नाही. अखेरचा शेरा होता: 'ब्रेक सुस्थितीत. चालकाची चूक.'

नीरजाला त्यात आश्चर्य वाटलं नाही. धातू गोठला, चकती गार झाली, वाफेचं पुन्हा ऑइल झालं. अण्णांचं पेडलही गाडी थांबल्यापासून शेहेचाळीस मिनिटांनी परत आलं होतं. दोन तासांनी तपासणाऱ्याला या चकतीत कधीच काही सापडणार नव्हतं.

"साहेब, गेल्या दोन महिन्यांत घाटाखाली असे आणखी काही अपघात?" तिने विचारलं.

निरीक्षकांनी रजिस्टर चाळलं. "दोन आहेत. एक पंचवीसच्या वेगात, एक तिसात. दोन्ही चालकाची चूक."

"दोन्ही गाड्या आधी थांबल्या होत्या का?"

"ते कोण लिहितंय, मॅडम?"

तिने तिन्ही नोंदींचे क्रमांक उतरवून घेतले. त्याच टेबलावर बसून तिने स्वतःचा जबाब लिहिला, साडेचार पानांचा. दोन्ही संदेश आणि त्यांच्या वेळा त्यात होत्या. सही करून ती रुग्णालयात गेली.

मगदूमच्या उजव्या पायाला प्लास्टर होतं. तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. ती कोण हे तिने सांगितलं, तरी त्याने वळून पाहिलं नाही.

"तुमची काय चूक?" तो म्हणाला. "ब्रेक चांगला निघालाय, पोलिसांनी सांगितलं. म्हणजे माझा पाय ॲक्सिलरेटरवर पडला असणार. मी रात्रभर आठवतोय. मला वाटत होतं मी ब्रेकच दाबतोय. आई म्हणाली, अरे दाब की. मी म्हटलं, दाबतोय."

"तुम्ही ब्रेकच दाबला होता," नीरजा म्हणाली.

त्याने मान वळवली.

"तीन वेळा दाबला असेल. प्रत्येक वेळी तळाला गेला असेल. पाय हवेत पडल्यासारखा वाटला असेल."

"हो," तो म्हणाला. "तसंच."

"चूक माझ्या चकतीची होती. आणि निघायला तुम्हाला मीच सांगितलं. मी तसं लिहून दिलंय पोलिसांना."

त्याने प्लास्टर घातलेल्या पायाकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "किती वेळ थांबायला हवं होतं?"

"आणखी सव्वीस मिनिटं," नीरजा म्हणाली.