खिंडीतील उत्तर

ही हकीकत रचलेली नाही. ज्यांच्यावर ती गुजरली ते हिलालनाना आज दोंडाईचात आहेत, आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या डाव्या पायाला तीन बोटे नाहीत. ज्याला विश्वास ठेवणे जड जाईल, त्याने न ठेवावा.

सन २०२३. आश्विन वद्य तृतीया. स्थळ उत्तराखंडातील एक उंच खिंड. तिचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

आणि वेळ रात्रीची नव्हती. जे घडले ते भर दिवसा घडले.

हिलालनाना शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. दरवर्षी हिमालयात पायी जाण्याचा त्यांचा नेम. त्या वर्षी धाकटा भाऊ प्रेमराज प्रथमच बरोबर निघाला. निघताना त्याची पत्नी ताईबाई फाटकापर्यंत आली होती.

"नाना, तुम्हना भरोसावर धाडस. जोडेच ठेवा त्यासले."

त्याला आपल्याजवळच ठेवू, अशी नानांनी मान हलवली होती.

पहाटे पाच वाजता चौघे निघाले. पुढे बलवीर नावाचा पहाडी वाटाड्या, मागे नाना, त्यांच्यामागे त्यांचे जुने मित्र तोताराम, आणि शेवटी प्रेमराज. नऊपर्यंत ऊन होते. मग वारा फिरला आणि बर्फ पडू लागले.

अर्ध्या तासात आकाश आणि जमीन यांतला भेद मिटला. पुढच्या माणसाची पाठसुद्धा दिसेना. केवळ शुभ्र, निराकार, गोठलेले असे काही तरी चहूकडे उभे होते.

"नाना," तोताराम मागून ओरडले, "आपला दोंडाईचानं ऊन पोतामा भरी आनाले पाहिजे व्हतं!"

त्या दिवशी कोणी हसले ते तेवढेच.

बलवीरने बजावले की थांबायचे नाही आणि कोणाला मागे सोडायचे नाही. तेव्हा नानांनी एक रीत घातली. दर शंभर पावलांनी ते नाव पुकारणार, आणि ज्याचे नाव त्याने घरच्या अहिराणीत 'शे', म्हणजे 'आहे', एवढा एकच शब्द उत्तरादाखल द्यायचा. थंडीत दोन शब्दांचाही श्वास परवडत नव्हता.

"तोताराम?"

"शे!"

"प्रेमराज?"

"शे! दर येले काय इचारस, नाना? मी काय धाकला पोऱ्या शे का?"

बलवीरला ती बोली कळत नव्हती. तो प्रत्येक वेळी विचारी, "पूरे हैं?" आणि नाना म्हणत, "पूरे."

शंभर पावले. हाक. शे. शे. पुन्हा शंभर पावले.

हळूहळू पाय आपले वाटेनासे झाले. मग हात. मग चेहरा. चालणारा कोणी वेगळाच असून आपण त्याच्या मागून पाहत आहोत, असे नानांना वाटू लागले. भीती नव्हती. दुःख नव्हते. भावाचे नाव ते माळेचा मणी ओढावा तसे घेत होते.

"प्रेमराज?"

"शे."

आवाज थोडा सपाट वाटला...

थकला असेल, असे नानांनी मनाशी म्हटले.

साडेअकराला खिंडीचा माथा आला. तेथे वारा इतका होता की स्वतःचा शब्द स्वतःला ऐकू येत नव्हता. नानांनी तरीही हाक दिली.

उत्तर मात्र स्पष्ट ऐकू आले. अगदी स्पष्ट.

"शे."

मग उतार लागला. दुपारी तीनच्या सुमारास दगडी निवारा दिसला. बलवीरने दार ढकलले. नाना आत गेले. तोताराम आत आले. प्रेमराजच्या पाठीवरचे ओझे उतरवण्यासाठी नाना मागे वळले...

दारात फक्त बर्फ होते.

"प्रेमराज?"

या वेळी कोणीच बोलले नाही.

"तुना मांगे व्हता ना तो?" नानांनी तोतारामांना विचारले.

तोताराम त्यांच्याकडे पाहतच राहिले. "मांगे? नाना, त्यानं 'शे' तं माले पुढून ऐकू ये. माले वाटनं, तो मना पुढे निंघी गया."

तोतारामांनी तो आवाज पुढून ऐकला होता. नानांनी मागून. म्हणजे तो दोघांच्या मध्ये होता. आणि दोघांच्या मध्ये कोणीही चालत नव्हते.

नाना दाराकडे धावले. बलवीरने त्यांना धरून खाली बसवले. "अब कोई नहीं जाएगा, मास्टरजी." नाना बसले. त्यांना रडू आले नाही. ते आपल्या हातमोज्यांवरचे बर्फ वितळताना पाहत राहिले.

चारच्या पुढे मागच्या तळावरून निघालेले भारवाहक आले. त्यांच्यापैकी एकाच्या पाठीवर प्रेमराज होता. तो जिवंत होता. माथ्याच्या पुष्कळ खाली, एका खडकाच्या आडोशाला तो बसलेला सापडला होता. बुटात गेलेले बर्फ काढायला तो साडेदहालाच खाली बसला होता, आणि उठलाच नव्हता.

साडेदहानंतर नानांनी कितीतरी हाका दिल्या होत्या. एकही उत्तरावाचून राहिली नव्हती.

देहरादूनच्या रुग्णालयात नवव्या दिवशी प्रेमराज नीट बोलला.

"नाना, तुनी हाक दर येले ऐकू ये. पन मी तोंड उघडाना आगोदर कोनी तरी 'शे' म्हने. मना कानजोडे. मंग माले वाटनं, जबाब तं गया. आते मी कसाले बोलू?"

नानांना शाळेत शिकवलेली रूपे आठवली. संस्कृतात अस्मि वेगळे, असि वेगळे, अस्ति वेगळे. मी आहे, तू आहेस, तो आहे. अहिराणीत तिन्हींना एकच, शे. त्या उत्तर देणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. प्रेमराज होताच. किंवा त्याने स्वतःविषयीच सांगितले असेल.

पण नानांना छळते ते हे नव्हे.

माथ्याच्या अलीकडे एका हाकेच्या वेळी त्यांच्या तोंडून केवळ "प्रे..." एवढेच निघाले होते. उत्तर त्याआधीच आले होते. नानांच्या ते ध्यानात आले होते. त्या क्षणी थांबता आले असते. पण पाय पुढे चालत होते, आणि उत्तर तर मिळाले होते. ते चालत राहिले.

हे त्यांनी ताईबाईला सांगितलेले नाही.

प्रेमराजने पट्ट्या बांधलेला पाय सावरला. त्याची नजर भावाच्या चेहऱ्यावर स्थिर होती.

"नाना, जबाब नई वना असता, तं तू माघारे फिरना असता ना?"

नाना तोंड उघडणार होते.

"हा भाऊ. फिरनू असतू."

प्रेमराजने समाधानाने डोळे मिटले.

ते शब्द आपण उच्चारले की नाही... हे हिलालनानांना आजही सांगता येत नाही.