शनिवारी चेंडू कोण टाकणार?

एमेट लिंडक्विस्टशी माझी पहिली भेट झाली ती गोड सारण भरून भाजलेल्या 'पाय'च्या शेवटच्या तुकड्यावरून. भांडण झालं असं म्हणणार होते, पण भांडायला दोघं लागतात आणि तो नुसता हसत होता.

एप्रिल महिना होता. सकाळपासून पावसाची पिरपिर चाललेली, त्यामुळे बेसबॉलचा सामना रद्द. मिसिसिपी नदीवरच्या पुलाच्या आमच्या बाजूला पर्लचं छोटंसं हॉटेल आहे. ओला कोट झटकत मी आत शिरले आणि स्टुलावर बसता बसताच म्हणाले, "पर्ल, रुबार्ब पाय दे."

"मलाही तोच," शेजारून आवाज आला.

"एकच तुकडा उरलाय," पर्ल म्हणाली. "काय ते तुमचं तुम्ही बघा."

मी वळून पाहिलं. उंच, काटकुळा, कानशिलांवरून पाणी निथळतंय... आणि डोक्यावर हिरवी टोपी. म्हणजे नदीपलीकडच्या पोर्ट अडेर गावचा, त्यांच्या सॉयर्स संघाचा! आमच्या हेरन्स संघाच्या गावात हिरवी टोपी घालून बसायला एकतर धाडस लागतं, नाहीतर अक्कल तरी कमी लागते.

"टोपी काढलीत तर अर्धा देईन," मी म्हणाले.

"आणि नाही काढली तर?"

"तर पलीकडे जाऊन खा. लाकडं कापणाऱ्यांचं गाव तुमचं. पायमध्येही भुसा घालता म्हणे."

त्याने टोपी काढली — सावकाश, माझ्यावरची नजर न हलवता — आणि गुडघ्यावर ठेवली. मग अर्ध्या तुकड्यातला एक घास खाऊन गंभीरपणे मान डोलावली. "भुशापेक्षा बरा आहे."

पर्ल हसत सुटली. "अगं पोरी, याला ओळखलं नाहीस? हा तुझा पाच प्रश्नवाला!"

हे पाच प्रश्न म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. मार्लो लँडिंगच्या वर्तमानपत्रात मी बेसबॉलवर लिहिते. हेरन्स आमचे, सॉयर्स पलीकडचे. दोघं एकाच गटात, मध्ये फक्त नदी. हंगामात पाच-सहा वेळा त्यांची तीन-तीन दिवसांची मालिका होते, आणि प्रत्येक मालिकेआधी दोन्ही गावांच्या पेपरात तिचा अंदाज छापून येतो. कोण फॉर्मात, कोण जखमी, कुठल्या दिवशी चेंडू टाकायला कुठला पिचर, आणि सगळ्यात शेवटी पलीकडच्या बातमीदाराला पाच प्रश्न. मला हे काम मार्चमध्ये मिळालं होतं. पहिले पाच प्रश्न मी 'ई. लिंडक्विस्ट' नावाच्या कुणालातरी मेलने पाठवले होते.

"तुम्ही ई. लिंडक्विस्ट?" मी म्हणाले. "मला वाटलं, साठीचे असाल. टक्कल वगैरे..."

"आणि मला वाटलं, सी. नोव्होत्नीला मिशा असतील."

तेव्हापासून मी सी. नोव्होत्नीची कोरिन झाले.

मे महिन्यातल्या पाच प्रश्नांत मी विचारलं, "तुमचा शॉर्टस्टॉपवरचा क्षेत्ररक्षक इतका हळू का पळतो?" उत्तर आलं — "त्याला घाई नाही. मलाही नाही. पण गुरुवारी पाय खायला येणार का?" आमचे संपादक हॅस्केल यांनी छापताना शेवटचं वाक्य कापलं. "हे बेसबॉल नाही," म्हणाले.

मी मात्र गुरुवारी गेले. पुढच्या गुरुवारीही गेले. जूनमध्ये 'तुम्ही'चं 'तू' झालं. जुलैच्या उत्तरांमधली निम्मी वाक्यं हॅस्केलच्या लाल पेन्सिलीखाली गेली. एमेट बोलताना काट्याने बशीत मैदान काढायचा, आणि मी मैदानाकडे न बघता त्याच्या बोटांकडे बघायचे. सरळच सांगते, मी प्रेमात पडले होते. पण म्हणायचं कुणी आधी? आम्ही दोघंही शब्दांवर पोट भरणारी माणसं, आणि नेमका तोच शब्द काही फुटत नव्हता.

ऑगस्टच्या अखेरीला शेवटची मालिका आली. दोन्ही संघांचे विजय सारखे. या तीन दिवसांत जो जिंकेल, गट त्याचा. गावात केस कापायला बसलेला माणूसही दुसरं काही बोलत नव्हता.

बुधवारी दुपारी एमेट पर्लकडे आला. पीच पाय समोर तसाच पडलेला.

"काय झालं?"

"काही नाही." मग थांबून, "म्हणजे... ड्यूई."

ड्यूई टॅरंट म्हणजे सॉयर्सचा सगळ्यात जबरदस्त पिचर. वय एकवीस, ओक्लाहोमाचा. आमच्या या खालच्या लीगमध्ये बाहेरगावच्या पोरांना गावातलीच घरं हंगामभर सांभाळतात. ड्यूई एमेटच्या आईकडे राहायचा, आणि एमेट रोज नाश्त्याला तिथेच असायचा.

"आज त्याने दुधाचा जग डाव्या हाताने उचलला," एमेट म्हणाला.

माझा घास तोंडातच राहिला. ड्यूई उजव्या हाताने चेंडू टाकतो.

"कोपर?"

"बटणंही लावता येत नव्हती त्याला. कुणाला सांगत नाहीये. शनिवारी वरच्या लीगची माणसं त्याला बघायला येणार आहेत ना." त्याने कपाळ चोळलं. "आणि आमच्या घरचा नियम आहे, टेबलावर दिसलेलं छापायचं नाही. वीस वर्षं आई पोरांना सांभाळतेय. एक गोष्ट बाहेर गेलेली नाही. आज पहिल्यांदाच मी... तुला सांगितलं."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने काढून घेतला नाही.

"माझ्याकडून बाहेर जाणार नाही," मी म्हणाले.

गुरुवारी अंदाज लिहायला बसले आणि तिथेच अडले. सॉयर्सने कळवलेली यादी समोर होती: शनिवार, टॅरंट. ते नाव लिहावं तर वाचकांशी जाणूनबुजून खोटं बोलायचं. कोपराचं लिहावं तर एमेटचा विश्वासघात. तासभर खुर्चीत चुळबुळ केल्यावर मी त्या जागी तेच लिहिलं, जे नाव जाहीर झालं नसेल तेव्हा सगळेच लिहितात. शनिवार, सॉयर्स: अजून ठरायचं आहे.

खोटं नाही, चुगलीही नाही. आपण किती हुशार, असं वाटून मी बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला.

शुक्रवारी सकाळी साडेसातलाच हॅस्केलचा फोन आला.

"कोरिन, टॅरंटला काय झालंय?"

"मी कुठे काय लिहिलंय?"

"तेच तर! क्लबने नाव जाहीर केलंय आणि तू म्हणतेस ठरायचं आहे. लोक आंधळे आहेत का? सॉयर्सचं ऑफिस विचारतंय, कुणी सांगितलं म्हणून."

 या दोन गावांत पिचरची यादी लोक जन्ममृत्यूच्या नोंदींआधी वाचतात, हे मी विसरलेच कशी? मी एक अक्षर फोडलं नव्हतं, आणि तरी सगळं फोडून बसले होते. आता संशय कुणावर? ज्या घरात ड्यूई राहतो त्या घरावर. आणि त्या घरात बातमीदार एकच.

एमेटला फोन लावला. उचलला नाही. चार वेळा लावला. मग मात्र मला राहवेना. गाडी काढली आणि पुलावर घातली. वाटभर एकच वाटत होतं, की त्याने आयुष्यात एकदाच नियम मोडला, तो माझ्यासाठी, आणि मी दोन दिवससुद्धा ते गुपित जपू शकले नाही.

दार त्याच्या आईने उघडलं. हाताला पीठ, चष्मा डोक्यावर.

"तू कोरिन."

"हो, मिसेस लिंडक्विस्ट. मी माफी मागायला आले. माझ्यामुळे..."

"आधी आत ये. पाय पूस."

टेबलाशी ड्यूई बसला होता. उजव्या कोपराला बर्फाची पिशवी, डाव्या हातात काटा, समोर पॅनकेकची चळत. मला बघून तो अर्धवट उठला.

"त्या तुम्हीच का, मॅडम? काय हो हे! पहाटे पेपर उघडतो तर दोन्हीकडे माझं नाव गायब! म्हटलं, काढलं की काय मला? तसाच तडक गेलो मॅनेजरकडे. भांडायला."

"मग?"

"मग काय, टेबलावर मूठ आपटली जोरात." तो ओशाळून हसला. "आणि असा बोंबललो म्हणता! डॉक्टरांना बोलावूनच घेतलं त्यांनी. नुसती सूज आहे, तीन आठवडे विश्रांती, की झालं. पण उद्या चेंडू टाकला असता तर कोपर कायमचं गेलं असतं, म्हणाले."

"आणि ती वरची माणसं?"

"ती पुढच्या वसंतात बघणार. फोन झाला त्यांचा. मी उगाच घाबरून बसलो होतो."

 मी खुर्ची ओढून बसले. मग डोक्यात प्रकाश पडला. "दोन्हीकडे म्हणजे?"

मिसेस लिंडक्विस्टनी पोर्ट अडेरचा पेपर माझ्यापुढे सरकवला. वर एमेटचं नाव, खाली यादी. शनिवार, सॉयर्स: अजून ठरायचं आहे. शब्दन् शब्द तोच.

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"रडायचं तर पॅनकेक खाऊन रड," त्या म्हणाल्या. "गार होतायत."

"तुम्ही... रागावला नाहीत? त्याने मला सांगितलं म्हणून?"

"कालच कबूल केलं त्याने माझ्याजवळ." त्यांनी बशी माझ्यापुढे ठेवली. "या घरातली गोष्ट बाहेर जात नाही. आता तू बाहेरची की घरातली, ते तुम्ही दोघं ठरवा. माझं त्यात काही म्हणणं नाही."

कान तापले माझे. "कुठे आहे तो?"

"तुलाच शोधायला गेलाय. फोन विसरून. तो बघ, ब्रेडच्या डब्यावर. सकाळपासून चार वेळा कोकलला."

पुलावरून परत येताना मी खिडकी उघडी टाकली होती. नदीचा वारा तोंडावर येत होता आणि मी एकटीच मोठ्याने हसत होते. छातीवरचा धोंडा उतरला की माणूस किती हलका होतो!

तो पर्लकडेच होता. आमच्या ऑफिसात जाऊन, माझ्या घराची बेल वाजवून, शेवटी इथे. हिरवी टोपी गुडघ्यावर, आणि समोर माझा पेपर.

"तू का लिहिलंस असं?" मी दारातूनच विचारलं.

"टॅरंट लिहिणं खोटं झालं असतं," तो म्हणाला. "आणि तुलाही माझ्यापायी खोटं लिहावं लागेल, असं वाटलं. म्हटलं, आपणच जागा रिकामी सोडू, म्हणजे तिच्यावर ओझं नको. मला काय माहीत, तूही..."

"मूर्ख आहेस."

"एकटाच?"

"नाही," मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले. "दोघंही."

पर्लने न विचारता पायची एक बशी ठेवली. काटे दोन.

"एमेट, पाच प्रश्न झाले हंगामभर," मी म्हणाले.  "सहावा विचारू?"

"विचार."

"तुझ्या आईने विचारलंय. मी बाहेरची... की घरातली?"

तो टोपी हातात गोल गोल फिरवत राहिला. मग त्याने ती काउंटरवर ठेवली आणि माझा हात धरला — पॅनकेकने चिकट झालेला.

"घरातली," तो म्हणाला. "तुला चालत असेल तर. माझं प्रेम आहे तुझ्यावर, कोरिन. त्या भुशाच्या दिवसापासून."

"मग आजवर लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं की! दर वेळी. तुझे हॅस्केल कापत होते."

पर्लने भांडी पुसायचं फडकं डोळ्यांना लावलं आणि आम्हाला दटावलं, "खा आता मुकाट्याने!"

मालिका हेरन्सने जिंकली, दोन-एक. याबद्दल मी पोर्ट अडेरच्या त्या टेबलावर चकार शब्द काढत नाही. हसते फक्त.

तीन आठवड्यांनी, सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी, आम्ही चौघं नाश्त्याला बसलो होतो. मिसेस लिंडक्विस्टनी दूध मागितलं. ड्यूईने हात पुढे केला आणि भरलेला जग उचलून दिला. उजव्या हाताने. अगदी सहज.

एमेटने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. टेबलाखाली त्याची बोटं माझ्या बोटांत गुंतली. दोन्ही गावांना हवी असलेली बातमी आमच्या डोळ्यांसमोर घडली होती, आणि आम्ही दोघंही मुकाट पॅनकेकवर मध ओतत होतो.

ती मी छापली नाही. घरचा नियम आहे.