पाचवा मासा

कल्पेशला मासा धरलेला बघवत नसे, आणि आज दुपारपासून तो मासा गळाला लागावा म्हणून देव पाण्यात घालून बसला होता.

सन दोन हजार पाचचा चैत्र. नारायणगावातलं कापडाचं दुकान बंद करून तो स्कूटरवर मीना नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याच्या डोहावर आला होता. महावीर जयंतीला पाच जीव सोडायचे, हा त्याच्या आजीचा, प्यारीबाईंचा नेम. दरवर्षी बाजारातल्या पाटीतून जिवंत मासे घेऊन सोडले की काम भागायचं. यंदा उन्हानं पाटीतले सगळे मेलेले निघाले. झालं, म्हातारी हट्टाला पेटली. नातवानं स्वतःच्या हातानं पाच जीव सोडून, घरी येऊन तसं सांगेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. कालपासून घेतलाही नव्हता. त्यात दिवस मावळल्यावर ती पाणी पीत नसे, म्हणजे आज चुकलं की थेट उद्या सकाळी. उद्यापर्यंत काही खरं नाही, असं डॉक्टर स्वच्छ सांगून गेले होते.

"गांडूळ लावू द्या की शेट. पटापट लागत्यान," कुंडलिक म्हणाला. चाळीस वर्षं तो या डोहावर गळ टाकत होता.

"पाच सोडायला पाच मारू? कणीकच लाव."

"मंग बसा."

बसले. तासाभरानं पहिला लागला. वीतभर, सोनेरी खवल्यांचा. कुंडलिकनं गळ काढला, कल्पेशनं नाक मुरडत मासा पाण्यात सोडला आणि 'एक' म्हटलं. दुसरा लगेच आला.

"ह्यो मगाचाच हाय," कुंडलिक म्हणाला.

"मासे सगळे सारखेच दिसतात."

"तुमाला."

कल्पेशचं डोकं फिरलं. त्यानं मनगटावरचा लाल दोरा सोडला, माशाच्या शेपटीशी सैलसर बांधला आणि मासा सोडून दिला. आता बघूच, म्हणाला.

तिसऱ्या माशाच्या शेपटीला लाल दोरा होता.

एकच जीव तीनदा सोडला तर तीन धरायचे का? हे विचारायचं कुणाला? घरी विचारलं असतं तर दादीनं आणखी दहा नियम काढले असते. वैतागून त्यानं कुंडलिकला उठवलं आणि धावतं पाणी ओलांडून दोघं खालच्या डोहावर गेले. गळ पाण्यात पडतो न पडतो तोच दोरी ताणली गेली. लाल दोरा. या वेळी गळाला कणीकसुद्धा नव्हती. कुंडलिक ती लावायला विसरला होता.

कल्पेशनं मासा पाण्यात धरला, पण तो जाईना. तळहातावर गार पडून राहिला. ढकलला तर वळून पुन्हा त्याच्याच पुढ्यात, तोंड त्याच्याकडे करून.

"चार," कल्पेश म्हणाला. मग खोटं बोलायचीच वेळ आली तर जमावं म्हणून त्यानं हळूच बोलून पाहिलं, "दादी, पाचही गेले. माझ्या हातानं सोडले."

पाण्यात माशाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. कल्पेश थांबला, तेव्हा तेही थांबलं.

मग मासा गेला. सावकाश, काठाच्या बाजूनं, खाली गावाकडे.

त्यानंतर काही लागेना. तास गेला, वर आणखी अर्धा. ऊन डोंगराच्या शेंड्यावर जाऊन बसलं. कुंडलिकनं न सांगता दोरी गुंडाळली.

"अजून एक पाहिजे," कल्पेश म्हणाला.

"न्हाई आता. पानी बघा. साधा बुडबुडा न्हाई. असं कंदी व्हत नसतं." त्यानं कल्पेशकडे बघायचं टाळलं. "मी जातो, शेट. तुमीबी निघा."

आता निघून घरी पोचेपर्यंत अंधार पडला असता. संताप, भीती, सगळं एकदम दाटून आलं. दादी जगली पाहिजे, पाप लागलं तर लागू दे. खडकावर चढल्यावर मोबाईलला जेमतेम रेंज आली. त्यानं घरचा नंबर लावला. फोन टीनानं, त्याच्या बायकोनं घेतला.

"टीना, दादीला सांग, पाचही गेले. दिवस आहे तोवर पाणी पाज."

"कोण बोलतंय?"

"मी. कल्पेश."

"दादींनी पाणी घेतलं," टीना सावकाश म्हणाली. "मगाशीच. हे आल्यावर. यांनीच पाजलं."

"कोण आल्यावर?"

मागे पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी विचारलं, "कोण आहे गं?" दमलेला, वैतागलेला आवाज. त्याचाच.

"कुणी नाही," टीना म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.